घटातलं एकोणिसावं धान्य

आमच्या घरच्या घटमांडणीवर माझा विश्वास नाही. हे मी दादाला तोंडावर सांगत आले, गावकऱ्यांसमोर सांगत आले, आणि तरी दर अक्षय तृतीयेला अकोल्याहून गाडी काढून शेतात हजर होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो विचारतो, "वकीलीणबाई, विश्वास नाई तं येता काहून?" मी म्हणते, वहिनीच्या हातच्या चिंचवणीसाठी येते. ते काही खोटं नाही.

आमचं वावर कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धा नदीच्या कडेला. तृतीयेच्या संध्याकाळी नदीकडच्या तुकड्यात दादा जमिनीवर मोठं रिंगण आखतो. रिंगणाच्या कडेनं अठरा धान्यं मांडतो, गहू, ज्वारी, तूर, मूग, जवस, सरकी, सगळी वेगवेगळी. मधोमध खड्डा, खड्ड्यात पावसाच्या महिन्यांची ढेकळं आणि ढेकळांवर पाण्याची घागर. घागरीच्या पायथ्याशी विड्याचं पान आणि सुपारी, ती राजाची गादी. करंजी ठेवतात, तो देशाचा खजिना. मसुरीचे दाणे म्हणजे परका शत्रू. मांडून झालं की सगळे घरी जातात आणि उजाडेपर्यंत तिकडं कोणी फिरकायचं नाही. पहाटे दादा येऊन पाहतो. कोणता दाणा आत सरकला, कोणता बाहेर गेला, सुपारी हलली का, करंजीला मुंग्या लागल्या का. त्यावरून तो पीकपाणी सांगतो, लढाई सांगतो, खजिना सांगतो. ज्या पूर्वजानं लढाई आणि खजिना एकाच रिंगणात मांडला त्याला दुनियादारी कळत होती, एवढं मात्र मी कबूल करते.

त्याच दिवशी घराघरात गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात आणि त्यांना जेवू घालतात. हे इथंच नमूद करून ठेवते, पुढं लागेल.

दादाला एकच मुलगी. ती माझी भाची. डॉक्टर व्हायचं म्हणून युक्रेनला गेली होती. इथं जागा मिळाली नाही, तिथं मिळाली, एवढं साधं कारण. ती तिकडं असतानाच्या एका तृतीयेला पहाटे रिंगणात मसूर भलतीकडंच फाकली होती, थेट गव्हात जाऊन पडली होती आणि करंजी एका बाजूनं पोखरलेली होती. दादानं गावाला सांगितलं, सीमेवर गडबड होईल, खजिन्याला खार लागेल. सगळ्यांनी आपली सीमा धरली. देश म्हटलं की आपलाच देश. आमचं पोरगं दुसऱ्या देशात, गव्हाच्या देशात राहून राहिलंय, हे रिंगणाभोवती उभ्या असलेल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर हसत होते.

माघ सरता सरता तिथं लढाई लागली.

कोर्टाच्या बाररूममध्ये चहावर चहा झाले. सगळ्यांचं मत एक, की एवढ्या मोठ्या देशापुढं हा काय टिकतो, हप्ताभरात आटोपतं. मला राग आला. भाची तिथं होती म्हणून आला, तसा माझ्या धंद्यामुळंही आला. मी धुऱ्याचे दावे चालवते. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. मोठा शेतकरी दरसाल नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, लहान्याच्या धुऱ्यात घालतो. बोलायला गेलं की म्हणतो, आमच्या आज्याच्या काळापासून ही जमीन आमचीच. मोठ्याकडं ट्रॅक्टर, मोठ्याकडं माणसं. लहान्याकडं काय, तर धुरा. पण लहाना एकदा धुऱ्यावर येऊन बसला की मोठ्याचंही पेरणं थांबतं. मग गावातले बाकीचे लहान्याला मागून काठ्या पुरवतात, पण स्वतः धुऱ्यावर पाय ठेवत नाहीत. मोठ्याशी रोटीबेटी तोडली म्हणून सांगतात आणि संध्याकाळी त्याच्याच विहिरीवर घागर लावतात. मोठ्याला वाटतं, लहाना दमेल. लहान्याला वाटतं, मोठ्याला महाग पडेल. दोघांच्या वावरात तण माजतं. असा दावा हप्ताभरात निकाली निघालेला मी तरी पाहिलेला नाही. हे सगळं मी बाररूममध्ये ओरडून सांगितलं. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "बाई, पाणी प्या."

भाचीचा फोन यायचा तो तळघरातून. होस्टेलच्या खाली एक लांबलचक तळघर होतं, पोरी तिथं गाद्या टाकून राहत होत्या. व्हिडिओवर तिचा चेहरा कमी आणि मागची भिंत जास्त दिसायची. आणि एक म्हातारी दिसायची. होस्टेलच्या दारावर बसणारी, किल्ल्या सांभाळणारी. पोरी तिला आजी म्हणायच्या, मराठीतच, आणि ती ओ द्यायची. आजी सूर्यफुलाच्या बिया खात बसलेली असायची. दातानं बी फोडायची, दाणा खायची आणि टरफल खाली न फेकता आपल्या पायापुढं नीट रचायची. छोटा, निमुळता ढीग. वर धडाड्धूम चाललेलं असताना तिचा हात हलायचा नाही, ढीग मोडायचा नाही. वहिनी फोनमध्ये डोकं घालून तो ढीगच पाहत राहायची. म्हणायची, "तिचा ढीग सरळ हाये ना, मंग पोट्टी ठीक हाये."

त्याच दिवसांत आमच्याकडं कापसाला कधी नव्हे तसा भाव आला. लढाईमुळं की आणखी कशामुळं, देव जाणे. गहूही तेजीत आला. गावात माणसं खुशीत होती आणि त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दादानं कापूस विकला आणि पेढ्याचा पुडा घेऊन घरी आला. वहिनीनं तो पुडा हातात घेतला नाही. "कशाचे पेढे?" एवढंच विचारलं. दादा तसाच ओसरीवर बसून राहिला. मग उठून पुडा शेजाऱ्यांकडं देऊन आला.

पोरी निघाल्या त्या दिवशी आजीनं भाचीच्या जाकिटाच्या खिशात मूठभर बिया कोंबल्या. मग खच्चून भरलेली रेल्वे, मग सीमेपर्यंत बर्फातून पायपीट. घरी पोचली तेव्हा वहिनीनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला पोटाशी धरून हंबरडा फोडला. जाकीट धुवायला काढलं तर खिशात बिया. भाचीनं ते जाकीट वहिनीच्या हातातून हिसकलं. "धुवायचं नाही," म्हणाली. वैशाखाची चाहूल लागली तरी जाड जाकीट खुंटीवर टांगलेलं.

पोरगी घरी होती, पण घरात नव्हती. करंट गेला की आपल्याकडं सगळे "लाईट गेली वाटतं" म्हणतात.  ती उठायची, जिन्याखालच्या सांदीत जाऊन बसायची आणि करंट आला तरी तिथंच राहायची. गिरणीचा पट्टा सुटल्याचा आवाज झाला की वहिनीचा हात धरायची. एकदा लग्नाच्या वरातीत फटाके वाजले तेव्हा तिनं जेवणाचं ताट बरोबर घेतलं आणि सांदीत जाऊन तिथं शांतपणे जेवली. मला तिचं रडणं परवडलं असतं. ते शांत जेवणं मला आजही आठवतं.

आजीला ती फोन लावायची. फोन वाजायचा, कोणी उचलायचं नाही. मग वाजायचाही बंद झाला.

इकडं लढाई आमच्या किराण्यात शिरली होती. जठारपेठेतला माझा नेहमीचा दुकानदार तेलाचा डबा देताना म्हणायचा, "म्याडम, मले नका बोलू, तिकडच्या लढाईले बोला." सूर्यफुलाचं तेल आमच्या घरात कोणी खात नाही, पण ते चढलं की त्याच्या मागं सोयाबीनचं चढतं. पुढं पेरणीच्या तोंडावर खताचीही तीच गत झाली. कृषी केंद्रापुढं रांग आणि आतून एकच उत्तर, माल आला नाही. दादा रांगेतून रिकामा परत यायचा आणि दारात पोरगी दिसायची. कोणाच्या नावानं बोटं मोडायची? त्या लढाईतून आपलं माणूस सुखरूप परत आलं होतं, आता पोत्यासाठी काय कुरकुर करायची.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. तिचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. इथल्या कॉलेजांत सामावून घेतील अशी आशा होती, ती हळूहळू विझली. फोनवर बघून रोगी तपासता येत नाही, प्रत्यक्ष काम तिथं जाऊनच करावं लागणार होतं. आणि तिथं तर लढाई चालूच. जाऊ द्यायचं की नाही? दादा म्हणे, जाऊ नये. मी म्हणे, अजिबात जाऊ नये, डॉक्टर नाही झाली तर काय जीव जातो का, वकील हो म्हणावं. वहिनी काहीच म्हणत नव्हती. आणि पोरगी म्हणत होती, "आजी वाट पाहून राहिली असंल."

तशातच अक्षय तृतीया आली. दादा रिंगण आखत होता. भाचीनं जाकिटातल्या बिया मुठीत आणल्या आणि म्हणाली, "बाबा, ह्याही मांडा."

"अठराच असतात, बेटा."

"एकोणीस होऊ द्या."

दादा माझ्याकडं पाहू लागला. देवाधर्माच्या बाबतीत तो माझ्याकडं कधी पाहत नाही. वहिनी मागून म्हणाली, "मांडू द्या तिले." मग भाचीनं स्वतः वाकून मसुरीच्या शेजारी बिया ठेवल्या. सगळ्या नाही, थोड्या मागं राखल्या. आम्ही घरी आलो. वहिनीनं सासूसासऱ्यांच्या नावानं घागर भरली, पानं वाढली, आम्ही चिंचवणी प्यालो.

पहाटे आम्ही चौघं सगळ्यांच्या आधी पोचलो. नदीवरून गार वारा येत होता, उजेड जेमतेम होता. रिंगण दिसलं. ज्वारी जागेवर, तूर जागेवर, मसूर थोडी फाकलेली, पान सुकलेलं पण सुपारी तिथंच. आणि मसुरीशेजारी एकही बी नव्हती. होता तो टरफलांचा ढीग. छोटा, निमुळता, नीट रचलेला.

मी म्हणाले, "खार." पहिला शब्द माझ्या तोंडून तोच निघाला. खारी बिया सोलतात, टरफलं एका जागी टाकतात, हे मी पाहिलेलं आहे. बाभळीवर खारी होत्याच. पण माझा आवाज मलाच भलतीकडून आल्यासारखा वाटला. कारण तो ढीग मी ओळखत होते. मी तो फोनवर पाहिला होता.

भाची गुडघ्यांवर बसली आणि हसायला लागली. परत आल्यापासून पहिल्यांदा हसली. "आजी हाये! आत्या, पाह्य ना, आजी हाये! तिनंच खाल्ल्या. ती जिती हाये."

दादानं काहीच वाचलं नाही. तो वहिनीकडं पाहत होता. आणि वहिनीचा चेहरा पांढराफटक झाला होता. वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला विचारा, अक्षय तृतीयेला जेवायला कोण येतं. जिवंत माणसं येत नाहीत. पोरगी आनंदानं हसत होती आणि आम्ही तिघं तिच्याभोवती उभे राहून तिला सांगत नव्हतो.

त्या पावसाळ्यानंतर ती गेली. अमरावतीच्या स्टेशनावर मी तिच्याशी भांडले, अगदी गाडी हलेपर्यंत. "अवं, तिथं आकाशातून विमानं नाही, फटफट्या उडून राहिल्या म्हणे, बिनमाणसाच्या, ड्रोन म्हणतात त्यांना! एवढुशा फटफटीनं आख्ख्या शहराची लाईट जाते, आणि तिला पाडायला सोन्याच्या मोलाचा गोळा लागतो. तुला तिथं कोण वाचवेल?" ती म्हणाली, "आत्या, म्हणूनच तिथं डॉक्टर लागतात."  मी तिला नुसत्याच शिव्या देत राहिले आणि तिच्या पिशवीत लाडूचा डबा कोंबला.

पोचल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला. मला, आईला नाही.

"आत्या, आजी नाही."

"कधी?" मी विचारलं.

"आम्ही निघालो त्याच्या पाठोपाठच गेली. आम्ही घरी पोचायच्याही आधी. किल्ल्या वर राहिल्या म्हणून तळघरातून वर गेली होती. तेवढ्यात वरून गोळा पडला." मग म्हणाली, "तिचा मुलगा लढाईवर होता. त्याचा पत्ता नाही. तिला पोचवायला कोणीच नव्हतं."

"तू परत ये," मी म्हणाले.

"आत्या, मग त्या दिवशी बिया कोणी खाल्ल्या?"

"खारीनं खाल्ल्या. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली. "खारीनंच असंल. आईला सांगू नको."

दिवाळीत गावी गेले तेव्हा पोटात ही गोष्ट घेऊन गेले. वहिनी चुलीपुढं बसली होती. मी इकडचं तिकडचं बोलत होते तर तिनंच विचारलं, "थे म्हातारी गेली ना, बाई?"

मी कप खाली ठेवला. "तुमाले कोणी सांगतलं?"

"कोण सांगते? पाहिलं नाई का मी."

मला संताप आला. आपलं एकुलतं पोरगं मेलेल्या माणसाला भेटायला चाललं आहे हे माहीत असून ही बाई गप्प बसली! "मंग तिले थांबवलं काहून नाई तुमी?"

वहिनी लाकूड आत सारत म्हणाली, "सांगतलं असतं तं रडली असती. अन् रडत रडत तरी गेली असती. थे थांबणारी पोट्टी नोहे. कोणी वाट पाहून राहिलं, ह्या भरोशावर गेली, थे बरं." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "धुरानं लय त्रास होऊन राहिला आज." चूल तर चांगली पेटलेली होती.

तो हिवाळा आम्ही कसा काढला ते विचारू नका. तिथं वीजघरांवरच मारा चालला होता. गोळ्यांनी जे वाकलं नाही ते थंडीनं वाकेल असा हिशोब. माझ्या धंद्यात याला विहिरीची मोटर काढून नेणं म्हणतात; माणसाला हात लावायचा नाही, त्याचं वावर वाळवायचं. भाची बॅटरीच्या उजेडात अभ्यास करत होती, दवाखान्यात काम करत होती. रस्त्यावर तिच्या वयाचे पुरुष दिसत नाहीत, असं ती सांगायची. बाजार उघडा, दुकानं उघडी, बस चालू, आणि पुरुष नाहीत. जणू कोणीतरी गावातून निवडून वेचून नेले. मला त्या बॉम्बपेक्षा ह्या गोष्टीची जास्त भीती वाटायची. दादा रोज सकाळी बातम्या लावायचा आणि तिच्या शहराचं नाव आलं नाही की चहा प्यायचा.

मग पुढची अक्षय तृतीया आली. पोरगी तिकडं, रिंगण इकडं. सूर्यफुलाच्या बिया मांडायच्या की नाही हे कोणीच बोललं नाही, पण मी अकोल्याहून निघायच्या आधी जुन्या शहरात गेले आणि पाखरांचं खाद्य विकणाऱ्या दुकानातून टरफलासकट बिया घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "पोपटाले का?" मी म्हटलं, "हो, पोपटालेच." अविश्वासू बाईनं आणखी काय सांगायचं!

दादानं त्या मसुरीशेजारी ठेवल्या. त्या संध्याकाळी भाचीचा फोन लागला नाही. लागत नाही कधी कधी, म्हणून आम्ही एकमेकांना समजावलं. पहाटेही लागला नाही.

मी पुढं चालत होते. गाव अजून यायचं होतं. रिंगणाशी पोचले आणि खाली वाकून पाहिलं.

दोन ढीग होते.

एक तोच, निमुळता, सरळ. आणि त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, दुसरा. जरा विस्कटलेला, नवख्या हातानं रचल्यासारखा. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. जशा दोघी भिंतीला टेकून बसल्या असाव्यात.

कोर्टात मी पुरावा नष्ट करणाऱ्याला फाडून खाते. आणि तिथं मी पाय उचलला. दुसरा ढीग पुसून टाकायचा, वहिनी यायच्या आत, गाव यायच्या आत. वाचायच्या आधी रिंगणात पाय घालणं म्हणजे आमच्याकडं केवढं पाप, ते मला माहीत होतं. मला त्याची काडीची पर्वा नव्हती. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की दुसरा ढीग नसला तर ती असेल.

"पुसू नका, बाई." वहिनी माझ्या मागंच उभी होती. "मी पाहिलं."

आम्ही दोघी तिथं उभ्या राहिलो. तिनं माझं मनगट धरलं होतं, बर्फासारखा हात. दादा आला, त्यानं पाहिलं आणि खालीच बसला. मग गावकरी आले, आणि दादाला उठावं लागलं, कारण गाव वर्षभराचा पाऊस विचारायला आलं होतं. त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिला महिना कमी, दुसरा बरा. कापूस मोघम. तूर चांगली. सुपारी हलली नाही, गादी कायम. करंजीला मुंग्या, खजिन्यावर ताण. त्याचा आवाज एखादं पाठ केलेलं म्हणावं तसा सपाट येत होता आणि घामानं सदरा पाठीला चिकटला होता. एक म्हातारबुवा बोट दाखवून म्हणाले, "हे टरफलं कशाचे? ह्याचं काय निघते?"

दादा पुन्हा पहिल्या महिन्यापासून वाचायला लागला. 

मी फोन लावत होते. पुन्हा पुन्हा फोनमधली तीच रेकॉर्ड केलेली बाई, त्या परक्या भाषेत, काहीतरी सांगायची आणि बंद व्हायची. सूर्य वर आला, ऊन चटकायला लागलं. गावकऱ्यांतलं कोणीतरी समजूतदार म्हणालं, "राहू द्या दादाले, तब्येत बरी नाई दिसत," आणि माणसं पांगायला लागली. आणि तेव्हा माझ्या हातातला फोन वाजला.

"आत्या, एवढे फोन? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

मी रडायलाच लागले. भर वावरात, लोकांदेखत, मी, जिच्यापुढं साक्षीदार चळाचळा कापतात. वहिनीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पहिलं काय विचारलं असेल? "जेवली का?"

"जेवले, आई. काल संध्याकाळपासून भोंगा वाजत होता, खाली तळघरातच होतो. करंट गेला की तिथं रेंज राहत नाही. आत्ता वर आले." मग लाजल्यासारखी बोलली. "काल अक्षय तृतीया होती ना. तुझ्यासारखी घागर नव्हती, मग स्टीलचा मग भरला आणि आजीच्या जागेवर ठेवला. बिया आणल्या होत्या. तिच्या वाटच्या सोलल्या, माझ्या वाटच्या सोलल्या. तिचा ढीग सरळ रचला, माझा काही जमत नाही. रागावू नको. तिच्या नावानं पाणी द्यायला इकडं कोणीच नाही."

वहिनीनं रिंगणातल्या दोन ढिगांकडं पाहिलं. मग म्हणाली, "रागावून काय करू? भरत जाय. तिले सांग, आमी इकडूनबी भरू."

फोन ठेवल्यावर दादानं मला विचारलं, "वकीलीणबाई, खार काय म्हणते?" मी म्हटलं, "दोन खारी असतील." तो हसला नाही, मीही नाही.

आता भाची परत आली आहे. डॉक्टर होऊन, धडधाकट. अमरावतीत दवाखान्यात काम करते, थकून येते आणि पडल्या पडल्या झोपते. करंट गेला तर अजूनही उठून बसते, पण सांदीत जात नाही. लढाई मात्र चालूच आहे, आणि बाररूममध्ये आता कोणी तिचं नाव काढत नाही. तेल चढलं की दुकानदारही कोणाला बोल लावत नाही, नुसताच डबा पुढं सरकवतो.

यंदाच्या अक्षय तृतीयेला वहिनीनं घरातल्या घागरींच्या रांगेत एक घागर जास्तीची भरली. सासूची, सासऱ्याची, आणि शेवटी ती. कोणाच्या नावानं ते तिनं मोठ्यानं म्हटलं नाही, कारण नाव आम्हाला माहीतच नाही. पोपटाच्या बिया मीच नेल्या. पहाटे भाचीला उठवू दिलं नाही वहिनीनं, झोपू द्या म्हणाली. आम्ही दोघीच निघालो. रिंगण जवळ आलं तसा तिचा हात माझ्या हातात आला, आणि माझा विश्वास नाही हे त्या वेळी मला आठवलंच नाही.

ढीग एकच होता. निमुळता, सरळ.

वहिनी तोंडावर पदर दाबून हसली, रडली, दोन्ही केलं. "एकटीच जेवली, बाई," ती म्हणाली. "आजी एकटीच जेवली." मग आम्ही घरी आलो, आणि पोरगी अजून झोपलेलीच होती.